झाडूच्या गवताचं कलम

मंगळवार, ११ मार्च. वॉशिंग्टन

एका खुर्चीची खरी किंमत — दोनशे सोळा डॉलर. तसं करसमितीच्या सुनावणीत बसायला पैसे पडत नाहीत. रांग लावायची, एवढंच. पण रांग पहाटे चारला लागते, आणि रांगेतला जवळजवळ एकही माणूस आत जाणारा नसतो! सगळे भाड्याचे. माझ्या जागी कॉर्नेल नावाचा गडी घडीची खुर्ची टाकून बसला होता. सहा तास, तासाला छत्तीस.

"त्यातले मला अठरा, बॉस. बाकीचे मला बसवणाऱ्या कंपनीला."

दहाला दहा मिनिटं कमी असताना चकचकीत बुटांची माणसं आली, भाड्याची उठली, जागा बदलल्या. कुणाचा आवाज चढला नाही. एवढी शिस्त मी चर्चमध्येही पाहिली नाही.

बाहेरून येणाऱ्या शेतमालावर नवा कर बसवायचाय. एकशे नव्वद वस्तूंची यादी, त्यात एकशे बारावं — झाडूचं वाळलं गवत. ते आम्ही मेक्सिकोतून आणतो. आमच्या इलिनॉयमध्ये आता कोण पेरतंय? कर बसला तर माझा कारखाना बंद. चौतीस माणसं घरी.

समितीनं आकडा वाचला, पुढे गेली. चार सेकंद!

बुधवार, १२ मार्च

पाय तुटलेत. रोझलिंड टीगनं दिवसभर संगमरवरी बोळांतून पळवलं. झाडू बनवणाऱ्यांच्या संघटनेची ही इथली लॉबीवाली, म्हणजे खासदारांकडे आमची बाजू लावून धरणारी. पूर्वी इथंच एका खासदाराकडे नोकरीला होती. पिशवीत बुटांचे दोन जोड — बोळात सपाट, दारात उंच टाचांचे.

"आपल्या खासदारांना कधी भेटायचं?" मी विचारलं.

"त्यांना कशाला? मेरेडिथला भेटायचं. कराचं सगळं तीच बघते."

मेरेडिथ निघाली सव्वीस वर्षांची. खासदारांच्या कचेरीत बसायला जागा नव्हती, म्हणून बोळातच, उभ्याउभ्या. मी प्रेमानं हातझाडू पुढे केला — स्वतः बांधलेला — तर पोरगी दोन पावलं मागे!

"नको, नको, मिस्टर स्टकी! तुमची संघटना लॉबीवाले ठेवते. तुमच्याकडून मला पेन्सिलसुद्धा घेता येत नाही."

मग वही काढली. "बाहेरून येणाऱ्या तयार झाडूंवर कर आहे?"

"आहे ना. तो आहे म्हणून तर आम्ही जगतो. नाहीतर तिकडचा तयार झाडू माझ्या नुसत्या गवताच्या भावात इथं येईल. आता गवतही महाग केलंत, तर मेलोच."

तिनं एवढं लिहून घेतलं. "मला एक वाक्य द्या. जसंच्या तसं कायद्यात घालता येईल असं. उद्या दुपारपर्यंत."

मला वाटलं, थट्टा करतेय. तोवर ती गेलीसुद्धा. अकरा मिनिटं झाली होती.

रोझलिंड हसायला लागली. "ओरिन, इथं झाडू घेत नाहीत. वाक्य घेतात."

गुरुवार, १३ मार्च

तळघरातल्या कँटीनमध्ये बीन्सच्या सुपापुढे बसून लिहिलं. नऊ वेळा खोडलं. शेवटी उरलं ते हे —

'झाडू बनवण्यासाठी आणलेल्या वाळलेल्या गवताला कोणताही कर लागू होणार नाही.'

शेजारच्या टेबलावर मोठमोठ्या साखळी दुकानांचा लॉबीवाला बसला होता. रोझलिंडनं ओळख करून दिली. त्याच्या एका बुटाच्या किमतीत माझं शिलाईयंत्र येईल! पण माणूस किती साधा. वाक्य मागून घेतलं, दोनदा वाचलं. "सुरेख. तो 'कोणताही' काढू नका हं. आमचाही पाठिंबा धरा." एवढे मोठे लोक, आणि माझ्या गवतासाठी शब्द टाकणार! मी वेड्यासारखा त्याचा हात हलवत राहिलो.

मला आजवर वाटायचं, इथं नुसत्या थैल्या फिरत असतील. फिरतातही — मी आंधळा नाही. पण माझ्यापुढे एका पोरीनं वही उघडली, आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय. सुपाला नाव ठेवायचं राहून गेलं.

रविवार, १६ मार्च

घरी. बायको डोरीन म्हणते, झोपेत 'लागू होणार नाही, लागू होणार नाही' ओरडत होतास.

गुरुवार, ५ जून

पास! दोन्ही सभागृहांतून! मेरेडिथचा फोन आला — "अभिनंदन मिस्टर स्टकी, तुमचं कलम कायद्यात गेलं." मी यंत्रं बंद करायला लावली, पेटीवर उभा राहिलो आणि वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं. दहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं वाक्य या देशाच्या कायद्यात! शब्दन्‌शब्द माझा!

"मग तुम्ही आता खासदार का, मालक?" पॅकिंगमधून कुणीतरी. हशा.

शिलाईवरची लुपे हसली नाही. बावीस वर्षं झाली तिला कारखान्यात. सगळे पांगल्यावर जवळ आली. "घराच्या छपरासाठी कर्ज काढायचं थांबवलं होतं. काढू ना आता? खरं सांगा."

"काढ. उद्याच काढ."

संध्याकाळी एकटाच गवताच्या गठ्ठ्यांवर बसून राहिलो. त्या बोळांत रोज हजारो माणसं आपापलं एक वाक्य घेऊन चालत असतील. औषधवाले, विमानवाले, शिक्षक, शिकारी. सगळ्यांची वाक्यं एकाला एक जोडून हा एवढा देश चालतो! आणि त्यात एक माझं.

सोमवार, १६ जून

सही झालेल्या कायद्याची छापील प्रत टपालानं आली. माझं वाक्य दहा शब्दांचं होतं. कलम तेरा शब्दांचं आहे. 'गवताला'च्या पुढे 'आणि तयार झाडूंना' — हे तीन माझे नाहीत.