आजोबांनी पाठवलेली नोटीस

३ एप्रिल

चि. भिंगरीस आजोबांचे डोंगराएवढे आशीर्वाद. वि. वि.

सुट्टीत कॉलेजच्या तलावावर लहान पोरांना पोहायला शिकवणार म्हणतेस, ते वाचल्यापासून मला घोर लागला आहे. घाबरलेली पोरं शिकवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतात. पुढे वकिलीला जायचं की नाही ते ठरत नाही, असंही तूच लिहितेस. मग आमच्या गल्लीच्या टोकाला वकीलबाईंचं ऑफिस आहे, तिथे उन्हाळाभर काम करून बघ की. मदतनीस हवी अशी पाटीच लावली आहे त्यांनी. राहायला माझी मधली खोली आहे. पंखा आवाज करतो, पण फिरतो. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला त्यातलं काय कळतं, असं तुझी आई म्हणेलच. तरी एकदा जाऊन जागा पाहून येतो. ओल्या केसांनी झोपू नकोस. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे आजोबा

९ एप्रिल

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

कृपा करून ऑफिस पाहायला जाऊ नका. माझी शाळा पाहायला गेलात तेव्हा मुख्याध्यापकांचीच परीक्षा घेतली होतीत, आई अजून सांगते. खरं सांगू? तलावावर मजा येईल हे मला माहीत आहे. ऑफिसची मात्र भीती वाटते. तिथे जाऊन हे आपलं काम नव्हेच असं कळलं तर? मी वकील होणार म्हणून गावभर सांगत सुटले आहे. तलाववाल्या सरांना महिनाअखेर कळवायचं आहे. आणि मधल्या खोलीचं एवढं कौतुक वाचून संशय येतो, की मदतनीस वकीलबाईंपेक्षा दुसऱ्याच कुणाला हवी आहे. रागावू नका. लोभ असू द्या, जरा जास्तच.

तुमची भिंगरी

१६ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. घोटाळा झाला आहे. आईला बोलू नकोस. फोनवर सांगायचा धीर होत नाही.

मी गेलोच. बाकावर बसलो तर कारकुनाने विचारलं, तक्रार काय. नातीसाठी ऑफिस तपासायला आलो म्हणायची लाज वाटली, म्हणून शेजारच्या फ्रेमवाल्याचं नाव घेतलं. ऐन झोपेच्या वेळी भिंतीपलीकडे ठोकठोक करतो म्हणालो. वकीलबाईंनी आत बोलावलं, खुर्ची दिली, एकेक गोष्ट विचारून घेतली. एवढं कान देऊन माझं बोलणं कुणी ऐकलं त्याला बरेच दिवस झाले. मी वाहवत गेलो आणि पुढे केलेल्या कागदावर सही केली. आता फ्रेमवाल्याला नोटीस मिळाली आहे. रोज संध्याकाळी पत्ते खेळायला यायचा, तो येत नाही. भिंतीपलीकडे चिडीचूप आहे आणि दुपारी माझा डोळा लागत नाही. नोटिशीची नक्कल सोबत आहे. काय करू ते लगेच लिही.

तुझे घोटाळेबाज आजोबा

२२ एप्रिल

ती. आजोबांना, हसू आवरून, सा. न. वि. वि.

वकीलबाईंना फोन केला. नोटीस मागे घ्यायची तर तुम्ही स्वतः यायला हवं, नातीचं चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. फ्रेमवाल्या काकांची बाजू न ऐकता लिहिलंत कसं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती बाजू मांडायला त्यांनी त्यांचा वकील करावा, आणि एवढे प्रश्न पडत असतील तर एक तारखेपासून कामाला यावं. मी नोटीस पुन्हा वाचली. एकही वाक्य खोटं नव्हतं, पण त्यात तुमचा रोजचा पत्त्यांचा डाव कुठेच नव्हता. ते कसं लिहिता आलं असतं, हे खोडत-लिहीत सबंध दुपार गेली, जेवायचंही विसरले. तेव्हाच उठून तलाववाल्या सरांना नाही सांगून आले. मी येते आहे, पण काकांकडे तुम्हीच जायचं. लोभ आहेच.

तुमची भिंगरी

२७ एप्रिल

चि. भिंगरीस भरून आशीर्वाद.

नोटीस मागे घेतली. कारकून हसला, हसेना का. मग फ्रेमवाल्याचं दार वाजवलं. त्याने कामाचं टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं होतं आणि तिथे काच कापताना बोट कापून घेतलं होतं. मी चुकलो म्हणालो. तो म्हणाला, पत्ते पिसताना सांगितलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती काय रे. मग आम्ही दोघांनी टेबल उचललं, दारात अडकवलं, एकमेकांची अक्कल काढली आणि पुन्हा भिंतीला लावलं. दुपारी ठोकठोक सुरू झाली. मी भिंतीवर दोनदा थाप मारली. तो थांबला, आणि त्यानेही हातोडी दोनदा हलकेच वाजवली. मग मला झोप लागली.

बाकी समक्ष.

वाट पाहणारे, आजोबा