भिंतीवरचं मॅट्रिक

४ मार्च

आले: मुलींच्या वसतिगृहाचे छापील अर्ज, दोन. किंमत: काही नाही. परतीच्या टपालाची तिकिटं मात्र आपली — ती साखरेतून काढीन, या महिन्यात चहा जरा फिका.

एक अर्ज आमच्या लेकीचा, बडबडीचा, दुसरा इस्त्रीवालीच्या मुलीचा. ती पोर तोंडच उघडत नाही, म्हणून आम्ही तिला अबोली म्हणतो. दोघी एका वर्गात. या परीक्षेबरोबर इथली शाळा संपते, पुढची शहरात. वसतिगृहाशिवाय परवडायचं नाही. आणि आमच्या भागाला जागा एकच! 'देवा, दोघींचं भलं कर' म्हणताना जीभ अडखळली.

५ मार्च

अट वाचली. तीनदा वाचली. 'जिच्या आईवडिलांपैकी कोणीही मॅट्रिक झालेले नाही, अशाच मुलीने अर्ज करावा.'

हे सातवीत शाळा सोडून छापखान्यात लागले. त्यांचा प्रश्न नाही. मॅट्रिक मी! प्रमाणपत्र देवाच्या तसबिरीशेजारी टांगलंय, सोळा वर्षं झाली. रोज फडकं मारते — आधी देवाला, मग त्याला.

हे हसले. "त्या कागदावर आजवर कुणी चमचाभर साखर तरी दिली का? आता आडवा यायला बरा आला! लिही सातवी. कोण बघतंय?"

"देव बघतो."

"देवाला वसतिगृहाच्या जागा वाटायच्या नाहीत." मग चेहराच उतरला त्यांचा. "नाहीतर येईल माझ्याबरोबर छापखान्यात, कागदाच्या घड्या घालायला. तिथल्या पोरींची बोटं बघितलीस ना?"

बघितली आहेत.

७ मार्च

लिहिलं. आईचे शिक्षण — सातवी. प्रमाणपत्र उतरवून ट्रंकेत, चादरींच्या खाली.

दुपारी इस्त्रीवाली आली. अबोलीचा अर्जही मीच भरला, ती सांगत गेली. मुलीचा छंद? "लिहा, इस्त्री!" — आणि स्वतःच खो खो हसली. आईचे शिक्षण? "ताई, तिथं कोरंच सोडा की. माझ्यासारखं." मी 'काही नाही' असं लिहिलं. अंगठा उठवण्याआधी तिनं हात तीनतीनदा पुसला, कागद मळेल म्हणून.

दोन्ही पाकिटं एकदम टपालपेटीत टाकली.

८ मार्च

भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. बडबडी: "आई, तुझं मॅट्रिक कुठं गेलं?" म्हटलं, काच धुवायला काढलंय. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

१५ मार्च

दोघी स्वयंपाकघरात अभ्यासाला. भूमिती. बडबडीचं अडलं की लगेच — "आई गं, हे कसं?" अबोली पेन्सिल चावत थांबते, माझं लक्ष जाईपर्यंत. तिला घरी विचारायला कुणी नाही, म्हणून ती इथं येते.

भाजी चिरताना मनात आलं — ही अट काही कुणी दुष्टाव्यानं घातलेली नाही. माझ्या मुलीला एक जागा आधीपासूनच आहे, या ओट्यापाशी. दुसरी आपण मागतोय.

विचार बाजूला सारला. भाजी फोडणीला टाकली. मीठ दोनदा पडलं.

१९ मार्च

वसतिगृहाकडून तपासणीच्या बाई आल्या! न कळवता. हातात दोन्ही अर्ज.

"एकाच हातानं भरलेत," म्हणाल्या. "अक्षर सुरेख आहे. सातवीचं वाटत नाही."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांची नजर भिंतीवर — चौकोनावर, मग खिळ्यावर.

"शंका आली की आम्ही अर्ज बाजूला ठेवतो, बाई. हे दोन्ही ठेवलेत."

दोन्ही! आणि मी त्यांना नुसतं दारापर्यंत पोचवलं.

त्यांची पाठ वळते न वळते तोच इस्त्रीवाली धावत आली. "ताई, त्या आधी माझ्याकडं आल्या होत्या! म्हणाल्या, हे लिहिलं कुणी? मी म्हटलं, आमच्या ताईंनी! मॅट्रिक आहेत, काय समजलात! आता होतंय बघा आपलं काम."

आपलं, म्हणाली.

२० मार्च

बडबडीला सगळं सांगितलं. तिनं वही मिटली. मग — "म्हणजे तू नापास झाली असतीस तर मला जागा मिळाली असती?"

"मागता तरी आली असती."

"आणि भूमिती? ती कोण शिकवणार होतं मला?"

मग रडली, खूप. ह्यांनी ताट सारलं आणि छापखान्यात निघून गेले.

२१ मार्च

प्रमाणपत्र पुन्हा खिळ्यावर. पत्रासाठी नवा कोरा कागद घेतला — एरवी वहीचं मागचं पान पुरतं. नक्कल इथं उतरवून ठेवते:

'सातवी हे खोटे आहे आणि ते मी लिहिले. माझ्या मुलीचा अर्ज परत घेते. दुसऱ्या अर्जात अक्षर माझे, सांगणे तिच्या आईचे, आणि ते सगळे खरे आहे. खाली सही करणारी मॅट्रिक आहे, म्हणून हे लिहू शकते. त्या मुलीला जागा मिळते की नाही, एवढे उलट टपाली कळवावे.'