गाडीनं प्यालेली घागर

माय, मी कोण ते आधी सांगते, कारण तू विसरली असशील. डोक्यावर टोपली ठेवून घरभर टोपली शोधणारी बाई तू. एकदा अंजनगावच्या बाजारात सगळी वांगी विकलीस, पोती आठवणीनं घडी घालून घरी नेलीस, आणि शेजारणीच्या कांद्यांमागे झोपलेली लेक तिथंच विसरलीस. ती लेक मी. आता मला नातवंडं आहेत आणि पुढचे दोन दात नाहीत. लिहिता तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. सून लिहून राहिली आहे. माझं बोलणं ती जरा पुसून-पासून मांडते. मांडू दे, तिचा ओटाही तसाच असतो.

आज आखाजी, तुझ्या नावची घागर भरायचा दिवस. लहानपणी मी तुला विचारलं होतं, "मेलेले लोक पानी पेतात, तं घागर कमी कावून नाही होत?" तू हातावर पळी मारलीस आणि म्हणालीस, "कमी होते. तुले दिसत नाही." तू गेल्यापासून दरवर्षी मी घागर भरते. पण खरं सांगू? विश्वासानं कमी आणि त्या पळीच्या धाकानं जास्त.

यंदा तुझ्या नातवानं गावच्या घराला कुलूप लावलं. "आई, एकटी काय करतं इथं? चाल अकोल्याले," म्हणाला. एकटी काय करते ते सांगण्यासारखं नव्हतंच काही, म्हणून निघाले. फक्त म्हटलं, घागर आपल्याच विहिरीवर भरून घेईन. तो हसला. "कावून, आजीले नळाचं पानी चालत नाही का?" मी म्हटलं, "तिले भर बाजारात पोरगी दिसली नाही, तुहा जठारपेठेतला तिसरा मजला कसा सापडन? विहिरीच्या वासानं तरी येईन." त्याला ती गंमत वाटली. मला नव्हती वाटत. भरलेली घागर मांडीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून, मी गाडीत बसले.

दर्यापूर मागे पडलं आणि गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. पोरानं झाकण उचललं, आतल्या टाकीच्या बुचाला हात घालणार तोच मी ओरडले, "थांब! कुकर असा उघडतेत का?" पन्नाशीचा माणूस, पण हात मागे घेतला. मग आम्ही निंबाखाली बसलो, गाडी थंड व्हायची वाट बघत. पाण्याच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. समोर शेतात विहीर होती, पण त्या पट्ट्यातलं पाणी खारं. ते घातलं तर इंजिन खराब होईल म्हणाला. नंतर त्यानं माझ्या मांडीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. त्यानं मागितलंच नाही. लहानपणी ताप आला की जसं तोंड व्हायचं, तसं झालं होतं त्याचं. मीच फडकं सोडलं.

"आई, आजीचं हाय ते."

"तिच्याच नातवाची गाडी हाय. वत."

गाडी गटागटा प्याली माय. रिकामी घागर घेऊन मी बसले आणि तो बाजार आठवला. दुकानं उठलेली, कुत्री सडका भाजीपाला हुंगून राहिलेली, आणि मी. तू धावत आलीस, मारायच्या आधी तुझ्या तांब्यातलं पाणी पाजलंस, मग मारलंस. आज वाटलं, आता कोण येणार? तुला मी दिसायची ती खूणच मी गाडीत ओतली.

तेवढ्यात शेतातल्या झोपडीतून माझ्याच वयाची एक बाई आली. घागरीकडे पाहून म्हणाली, "कोनाची हाय?"

"मायची."

"मंग रिकामी कावून?"

"गाडीनं पेली."

इतकी हसली की मलाही हसू फुटलं. मग मला हाताला धरून आत नेलं. एका कोपऱ्यात मूठभर गव्हावर तिची घागर मांडलेली, वर एक आंबा. पुढं नुसता वरण-भात. "एकटीसाठी कोन पुरन घालते?" म्हणाली. आंबा बाजूला केला आणि आपली घागर माझ्या घागरीत वाकवली. मी तिचा हात धरला, "अवो, हे तुमच्या मानसाचं पानी!"

"लेकीचं हाय. टँकरचं हाय, गोड हाय. माही लेक कोनाले नाही म्हनत नव्हती. पिऊ द्या दोघीले."

माझा पोरगा चपला काढून दारात उभा होता. घागर त्यानं स्वतः उचलली. तिथून अकोल्यापर्यंत प्रत्येक गचक्याला गाडी बैलगाडीसारखी हळू केली. सकाळी हसणारा तोच हा.

आता घागर सुनेच्या ओट्याजवळ आहे, अर्धी. तू म्हणायचीस तशी मला पहिल्यांदा कमी दिसून राहिली. घास टाकला तर कावळा आला नाही. या मजल्यावर कबुतरंच येतात. तू आलीस की नाही ते मला ठाऊक नाही. आली असशील तर सोबत त्या बाईची पोरगी असेल. तिला बाजारात विसरू नको.

एक गोष्ट पोराला सांगितली नाही. गाडीत ओतल्यावर घागरीच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ते मी तुझ्यासाठी ठेवलं नाही. तोंड फिरवून मीच प्याले. फार तहान लागली होती माय.

सूनबाई, हे पाठवायचं कुठं? ठेव पिठाच्या डब्याखाली. आणि रविवारी गाडी तिकडं जाईल तेव्हा त्या बाईला पुरणपोळ्या पाठव. एकटी आहे म्हणून दोन नको, चांगल्या सहा पाठव. कुरड्या कच्च्याच दे, तळलेल्या वाटेत मऊ पडतात.