गाथोनीची आई

शनिवार, ३ ऑगस्ट

पोचलो एकदाचे. नाकुरूपासून मटाटूच्या खचाखच व्हॅनमध्ये गाथोनी माझ्या मांडीवर आणि कुणाची तरी कोंबडी गाथोनीच्या मांडीवर. उतरताना कोंबडीचाच निरोप घ्यायला पोरगी तयार नव्हती.

घर आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर मुरिगींचं. एप्रिलमध्ये आई गेली, आणि त्यानंतर मी दोनदा भलत्याच खाटेला इंजेक्शन द्यायला निघाले होते. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि नऊ दिवस तोंड दाखवू नका सिस्टर न्याविरा, असं सांगितलं. हिरव्या पत्र्याचं बसकं घर आहे. पुढे हिरवळ उतरत थेट तळ्यापर्यंत जाते, तिथे लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या दुप्पट उंच लव्हाळी. आम्ही आलो तेव्हा हिरवळीवर झेब्रे चरत होते, दोन जिराफ बाभळी ओरबाडत होते, आणि शेपट्या सोडून बसलेली माकडं आमचं सामान मोजत असावीत.

स्वयंपाकाला नेकेसा आहे, लुह्या जमातीची बाई, माझ्यापेक्षा थोडी मोठी. माझ्याकडे एकदा खालून वर बघून म्हणाली, गाथोनीची आई, तुमच्या नाकुरूकडे मक्याची उगाली घट्ट करतात की नुसती पेज? मी म्हटलं, तुमची खाऊन मग सांगते. आमचं जमणार. राखणदार लोकवांग तुर्काना जमातीचा आहे, ताडासारखा उंच. संध्याकाळी सहानंतर हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही, कारण तेव्हा खरे घरमालक पाण्यातून वर येतात, डॉक्टर नुसते नावाला, असं त्यानं बजावलं. गाथोनीनं विचारलं, पाणघोडे चावतात का? तो म्हणाला, नाही बाळ, चावायला त्यांना वेळ कुठे असतो.

चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवार, ४ ऑगस्ट

दिवसभर काहीही केलं नाही, आणि ते फार मन लावून केलं.

लोकवांगनं एक गंमत दाखवली. सकाळी धक्क्याला चिकटून लव्हाळ्यांचा मोठा पट्टा होता, जेवणानंतर बघतो तर नाही. इथली लव्हाळी मुळं घट्ट धरून बसत नाहीत, म्हणतो. पाण्यावर गाद्यांसारखी तरंगतात, वारा सुटला की बेटं होऊन हिंडतात. आज इथे, उद्या पलीकडच्या फुलांच्या मळ्यांपाशी. गाथोनीला त्यावर बसून फिरायचं होतं. मी कान धरला.

गाथोनीला तिच्या आजीचं नाव आहे. नवऱ्याचा पत्ता नाही, तेव्हा पहिल्या मुलीचं नाव रिवाजाप्रमाणे सासूवरून न पडता माझ्या आईवरूनच पडलं. आमच्यात असं नाव लावलेल्या पोरीला लाडानं आईच म्हणतात. नेकेसाला याचं फार हसू येतं. सहा वर्षांची आई आणि बत्तीस वर्षांची लेक, मग मार कोण कुणाला देतं, विचारते.

सोमवार, ५ ऑगस्ट

आधी लिहिते की सगळं ठीक आहे.

दुपारी धक्क्यावर बसले होते. गाथोनी मागे गवताच्या वेण्या घालत होती. मला आईची इतकी आठवण आली की मी मोठ्यानं बोलायला लागले. एकदा ये गं, म्हटलं, एकदाच ये, माझं काही सांगायचं राहिलंय. मग रडले. नाक पुसून मागे वळले तर गाथोनी नाही.

मी नेहमी मारते तशीच हाक मारत सुटले. आई, कुठेयस, ये गं आई, गाथोनी, ये. लव्हाळ्यांच्या कडेकडेनं पळाले. वारा सुटला होता, सगळं सळसळत होतं. नेकेसा घरामागे धावली, लोकवांग कमरेएवढ्या पाण्यात शिरला. तासभर. वॉर्डात मी बायकांना सांगत असते की धीर धरा. पुन्हा कधी सांगणार नाही.

आणि मग डाव्या अंगाच्या लव्हाळ्यांतून ती स्वतःच चालत बाहेर आली. रडणं नाही, धाप नाही. माझा जीव भांड्यात पडला. आधी मिठी मारली, मग फटका दिला, मग नर्सच्या सवयीनं डोक्यापासून तपासली. खरचटलंसुद्धा नव्हतं. हिरवा फ्रॉक कोरडा, गुलाबी चपला कोरड्या. कुठे होतीस विचारलं तर म्हणाली, हाक मारलीस ना, आले.

मंगळवार, ६ ऑगस्ट

पोरगी शहाण्यासारखी वागते आहे. तिनं हट्ट न करता दूध प्यायलं.

माकडांचं मात्र काहीतरी बिनसलंय. माझे वडील वनरक्षक होते. अक्षरांच्या आधी त्यांनी आम्हाला माकडांचं ओरडणं शिकवलं. बिबट्याला एक हाक, गरुडाला दुसरी, सापाला तिसरी. ऐकून माणसानं वर बघायचं की खाली, ते ठरतं. आज सकाळी आम्ही बाहेर पडलो आणि माकडं ओरडली. तिन्हींपैकी एकही नव्हे. बारीक, लांबवलेलं, थांबून थांबून. मी ते आयुष्यात ऐकलेलं नाही. झेब्र्यांनी एकदम माना वर केल्या आणि शेपट्या हलायच्या थांबल्या. सगळे आमच्याकडे बघत होते.

बिबट्या आमच्या मागे, घराजवळ असणार असं समजून मी गाथोनीला आत ओढलं. ती सावकाश चालत होती.

बुधवार, ७ ऑगस्ट

हिरवळीवर एकही झेब्रा नाही. जिराफ कुंपणापलीकडे गेले, तिथून या घराकडे टक लावून उभे आहेत.

लोकवांगवर माझा संशय आहे. घरामागची माती मी स्वतः पाहिली, बिबट्याचा एक पंजा उमटलेला नाही. मग जनावरं कशाला बिचकतात? फास लावत असेल, मांस विकत असेल. सोमवारपासून याचे विनोदही आटलेत. मी सरळ तोंडावर विचारलं. त्याला राग आला नाही, हेही मला खटकलं. तुमचे वडील वनरक्षक होते ना, म्हणाला, मग जनावरं कुठे बघतात ते सोडा, कधी बघतात ते बघा. एवढं बोलून तोंडाला कुलूप.

उंटावरचा शहाणा. बघतेच.

गुरुवार, ८ ऑगस्ट

तापाच्या रोग्याचा ठेवतात तसा तक्ता केला. सात चाळीस, माकडं ओरडली: नेकेसा आणि गाथोनी चुलीकडे. नऊ दहा: नेकेसा आणि गाथोनी कपडे वाळत घालताना. अकरा: दोघी पाण्याच्या टाकीपाशी.

म्हणजे नेकेसा. तिच्यावर नजर ठेवली आणि नको ते दिसू लागलं. गाथोनीचा कप ती वेगळा ठेवते. ताट हातात देत नाही, टेबलावर ठेवून मागे सरते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर राखेची रेघ ओढलेली होती. विचारलं तर म्हणे मुंग्या. एकही मुंगी नव्हती. आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मनात पाल चुकचुकली: परवापासून ती मला गाथोनीची आई म्हणत नाही. मदाम म्हणते.

दुपारी तिला एकटीला भाजी खुडायला पाठवलं, गाथोनीला आत ठेवलं.

माकडं गप्प राहिली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

तक्ता फाडून टाकला. नंतर तुकडे जुळवून पुन्हा वाचला.

सकाळी गाथोनीला एकटीला हिरवळीवर पाठवलं. असं करणारी आई मी. ती बाभळीखाली जाऊन उभी राहिली आणि सगळी माकडं एकदम ओरडायला लागली, पिल्लं पोटाशी धरून शेंड्याला गेली. ती वर बघून हसली. मग गुडघ्यावर हात दाबून पायऱ्या चढून आली. सहा वर्षांच्या पोरीला गुडघ्यावर हात दाबावा लागत नाही.

नाश्त्याला अळकुड्या होत्या. सुरी बाजूला ठेवून तिनं एक अंगठ्याच्या नखानं सोलली, जाड बाजूकडून, साल एका पट्टीत, माझी आई सोलायची तशी. गाथोनीला अळकुड्या आवडत नाहीत.

मी भ्रमिष्ट झाले असेन. दुःखानं होतं, मी पाहिलंय. वॉर्डातल्या बाईला मी काय सांगितलं असतं ते स्वतःला सांगितलं. झोप काढ, पाणी पी.

दुपारी ती माझ्या केसांत तेल घालायला बसली. मी नको म्हटलं नाही. इतकं बरं वाटत होतं, ते लपवत नाही. बोटं छोटी, पण हात ओळखीचा. मग ती शांतपणे म्हणाली, त्या दिवशी मी फोन केला होता, तू उचलला नाहीस.

आई गेली त्या दिवशी तिचा फोन आला होता. मी फोनकडे बघत चहा पीत होते, उद्या करते म्हटलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. या वहीलासुद्धा नाही.

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, असू दे.

असू दे म्हणाली. मला हेच ऐकायचं होतं. मग भीती का वाटते

शनिवार, १० ऑगस्ट

नेकेसा सकाळी गाठोडं बांधून आली. म्हटलं, मला मदाम का म्हणतेस ते सांगून जा.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, घरात आहे तिची आई तुम्ही नाही, म्हणून. सोमवारपासून तळ्यातून पोर रडल्याचा आवाज येतोय, दुपारी, वाऱ्याबरोबर. रोज वेगळ्या बाजूनं. आधी पक्षी वाटला. लोकवांगही ऐकतो. मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं होतं, ताई, मला सांगा.

वाऱ्याबरोबर. रोज वेगळ्या बाजूनं.

सोमवारी वारा सुटला होता. बेट सुटलं असणार. पाच दिवस — मी केस विंचरून घेत होते.

लोकवांग होडी घेऊन गेला. सहाला परत आला, छातीपर्यंत चिखल. एका बेटावर गवताच्या वेण्या होत्या, म्हणाला, नुकत्या घातलेल्या, ओल्या. पोर नाही. मग खिशातून काढून पायरीवर ठेवली. एक गुलाबी चप्पल, चिंब.

मी आत बघितलं. ती खुर्चीवर पाय हलवत बसली होती. दोन्ही पायांत दोन चपला. गुलाबी. कोरड्या.

मी पुन्हा निघायला सांगितलं. पाणघोडे वर यायला लागलेत, मी मेलो तर पोरीला कोण शोधणार, म्हणाला. उजाडताच जाणार आहे. खरं बोलतोय. याच्यावर मी संशय घेतला होता.

वेण्या ओल्या होत्या. म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे.

रविवार, ११ ऑगस्ट

लोकवांग पहाटेच गेला. नेकेसा मळ्यातून माणसं आणायला. मी व्हरांड्यात. वही हातात हवी, नाहीतर हात ऐकत नाहीत.

ती समोर बसली आहे. आता लपवतही नाही. तुला काय सांगायचं राहिलं होतं, विचारते. तिथे फार थंडी असते, म्हणते.

म्हटलं, तू आईच आहेस ना. म्हणाली, तूच बोलावलंस.

म्हटलं, मी पोरीला हाक मारत होते. म्हणाली, आधी मला मारलीस.

खरं आहे.

अकरा. वारा फिरला. लव्हाळ्यांचं एक बेट इकडेच येतंय. लोकवांगची होडी पार तिकडे — हाका मारल्या, ऐकू जात नाही —

माकडं गप्प आहेत. सगळी पाण्याकडे बघतायत.

आवाज आला. आई. मला म्हणतेय, मला. घसा बसलाय तिचा. बेट धक्क्याला लागतंय. हिरवा फ्रॉक दिसला. दिसला.

घरातली ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवला. बस, म्हणते, दोघींना इथे जागा नाही, नाव एकच आहे. पोर लहान आहे, विसरेल. मला पुन्हा एकटं पाठवू नकोस.

हा हात मी चार महिने मागत होते. तो झटकावा लागणार आहे, आणि मला — लिहून ठेवते — मला तो अजून हवा आहे.

वारा पुन्हा वळतोय. बेट सुटायला लागलं. पोरगी हाका मारतेय, हात पसरलेत —

मी उठते आहे. खांद्यावरची बोटं घट्ट झाली. रडतेय. मग मी कुठे जाऊ, विचारतेय, न्याविरा, मी कुठे जाऊ. आई, सोड. आई, माझी मुलगी — सोड ना, माझी