भातगिरणीतली हजेरी

१७ नोव्हेंबर १९९९
आले एकदाची. कल्याणच्या ऑफिसात सगळे म्हणत होते, वैशाखऱ्याजवळच्या पडक्या भातगिरणीत जाऊन काय दिवे लावणार? लावून दाखवीन. तीस वर्षं बंद असली तरी भिंती दीड हात जाड आणि सागाच्या तुळया शाबूत आहेत. पुढच्या दालनात वाचनालय, मागे बचतगटाची खोली, मधे लग्नाबारशाला सभागृह. जमिनीखालचा तुसाचा खड्डा अर्धा भरून घ्यायचा आणि तिथे बालवाडीची पोरं मातीत खेळवायची. हे मला काल जेवताना सुचलं आणि हातातला घास तसाच राहिला.

इंजिन आणि पट्टे कधीच भंगारात गेले. वर आढ्याजवळचा लांब लोखंडी शाफ्ट, त्याची चाकं आणि खड्ड्यातलं एक मोठं चाक तेवढी उरलीत, ती मी ठेवणार. राखणदार बारकूबाबा याच गिरणीत कामाला होते. चहा फक्कड करतात. मला लेकीसारखं ताय म्हणतात.

२१ नोव्हेंबर
कपाटात जुनी हजेरीवही सापडली. निम्मी कोरी होती. चांगला कागद वाया कशाला घालवायचा? तिच्यातच आमच्या गड्यांची नावं लिहिली: देवजी, धाऊ, भागी, आणि शेवटी मी, रश्मी. बारकूबाबांचं तोंड उतरलं. नवी वही आन गो, म्हणाले. मी हसले.

मग त्यांनी जुनी रीत सांगितली. तुसाच्या धुरळ्यात माणूस दिसायचा नाही, म्हणून पट्टा चढवण्याआधी मुकादम दारातून एकेकाचं नाव घ्यायचा. चाकांपासून लांब होऊन 'हाय' म्हणायचं. सगळ्यांचं 'हाय' आलं की मगच इंजिन. रीत झकास आहे. आमच्या कंत्राटदाराला शिकवायला हवी.

२ डिसेंबर
सकाळी आठ. मी अंगणात चहा घेत होते. आत कुणीतरी घोगऱ्या आवाजात नावं घेतली. देवजी. धाऊ. भागी. त्यांना वाटलं बाईंनी कुणाला तरी सांगितलं असेल, त्यांनी ओ दिली. मग माझं नाव आलं. मीही सवयीनं 'आहे' म्हणून गेले.

आणि वरचा शाफ्ट फिरला. पट्टा नाही, इंजिन नाही. कंत्राटदार म्हणतो वारा. सहा माणसांना न हलणारं लोखंड वाऱ्यानं फिरतं होय?

९ डिसेंबर
रोज आठ वाजता हेच. आज देवजी खड्ड्यात होता, भीतीनं त्याची वाचाच बसली. आवाजानं त्याचं नाव तीनदा घेतलं आणि थांबून राहिला. देवजी वर येऊन 'हाय' म्हणाला तेव्हाच शाफ्ट हलला. म्हणजे जे काही आहे ते रीत पाळतं. आणि माझ्या वहीतली नावं वाचतं. चूक माझीच.

१३ डिसेंबर
आज बारकूबाबांना धरून बसवलं. बोलले शेवटी.

बौद्धवाड्यातली भिमी. खड्ड्यातला तूस ओढायची. आमच्या, म्हणजे तिच्या नि माझ्या, लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, याचा मुकादमाला राग. तिचं काम चाले, नाव जिभेवर घ्यायला चालत नसे. वहीतही लिहिलं नाही. त्या सकाळी त्यानं सगळी नावं घेतली, सगळे 'हाय' म्हणाले, पट्टा चढला. ती खाली चाकापाशी होती. मालक म्हणाला, आमच्या हजेरीत अशी बाई नायच. झालं. वहीत नाही म्हणजे मेलीही नाही.

बारकूबाबा रडत होते. मीही रडले, मग संताप आला. तो अजून गेलेला नाही.

१६ डिसेंबर
काल भिमीचं नाव वहीत सगळ्यात वर लिहिलं. आज आवाजानं ते गाळलं आणि देवजीपासून सुरुवात केली. खड्ड्यातून खोऱ्याचा आवाज आला. खाली कुणी नव्हतं.

गिरणीचं काम ज्यांनी सोपवलंय त्या गावसमितीचे अध्यक्ष येऊन गेले. खड्डा स्लॅब टाकून बुजवा आणि सभागृहाला मालकाचं नाव द्या म्हणाले. म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही.

१८ डिसेंबर
गडी पळाले. सोमवारी स्लॅब. दुसरी माणसं आणणार आहेत. आणू देत.

२० डिसेंबर, सकाळी पावणेआठ
वही घेऊन खड्ड्यात उतरले आहे. वहीत माझं नाव आहे, म्हणजे माझ्या 'हाय'शिवाय त्याला चाक फिरवता येणार नाही. भिमीचं नाव घेईपर्यंत मी उत्तर देणार नाही. बसू दे त्याला वाट बघत. बारकूबाबा वरून विनवताहेत, ताय, वर ये गो, याच्याशी वाद नको. ऐकायची नाही मी.

आठ
बाकीच्यांची नावं मी कालच खोडली. त्यानं थेट माझं घेतलं.
गप्प बसले.
पुन्हा. पुन्हा. भिंती थरथरताहेत. मी ओरडले, आधी तिचं नाव घे.

आठ-दहा
नाकातोंडात तूस. कुठून येतोय — खड्डा तर झाडून घेतलाय —
नाही उठणार.

थांबलं सगळं. मग जड जिभेनं, एकेक अक्षर ओढत —
भि. मी.
माझ्या शेजारून, अगदी कानाशी, बाईचा आवाज. हाय.

घेतलं! घ्यायला लावलं त्याला! वहीत तिच्यापुढे हजर लिहिलं. तीस वर्षांनी —

आता पुन्हा माझं नाव घेतोय. वर चढून मग उत्तर देईन. एवढं लिहून —

बारकूबाबा वरून आनंदानं माझ्या वतीनं ओरडले — हाय, रश्मी ताय हाय —
बाबा, नको — अजून मी खालीच —

शाफ्ट फिरला. चाक —
डावं मनगट कुणीतरी धरलंय. खरखरीत हात, तुसानं माखलेला. ओढतेय. खाली नाही, वर —