चिन्नूनं पेला तोंडाला लावला

९ जून, सोमवार

मागच्या शेडात रेशमाच्या लडी पिळत होते. पाठ वळली तेवढ्यात माझ्या दीड वर्षाच्या चिन्नूनं रंगकामातला पेला तोंडाला लावला. किती पोटात गेलं देव जाणे. खोकला, रडला. मी घाबरून पेला नळाखाली धरला, भरला. का धरला मी? आता त्यात काय होतं ते कसं कळणार.

सासू म्हणाली, "बेग, लवकर बोट घाल घशात, ओकव त्याला." तशीच उचलून नजरबादला डॉक्टरांकडे. ते ओरडलेच, "बेडम्मा, नको, ओकवू नका!" मग विचारलं, ॲसिड होतं का अमोनिया? मी म्हटलं, दोन्ही. "दोन्ही कसं असेल?" म्हटलं, शेडात दोन्ही असतात.

जीभ लाल झालीय. आत घशात दिसत नाही म्हणाले. गिळतो कसा ते बघत राहा, अन् काय प्यायला ते शोधा.

१० जून

हे म्हणतात, उप्पूच असणार. पाणी घातलेलं ॲसेटिक ॲसिड अन् अमोनिया मिसळून केलेल्या खाऱ्या पाण्याला हे उप्पू म्हणतात, रंग रेशमाला सारखा बसतो त्यानं. "मिसळलेलं होतं का पेल्यात, तेवढं सांगा." "असेल ग. लक्षात नाही." असेल! नुसतं ॲसेटिक असलं तर घसा आतनं भाजला असेल.

अमोनिया नव्हता, एवढं खरं. त्या वासाला चिन्नू जवळच जात नाही.

दूध घेतो. इडली थुंकली.

११ जून

लता, माझी नणंद, पीयूसीला सायन्स शिकते. ह्यांचे रंग बदलणारे कागद घेऊन बसली. "वैनी, ॲसेटिक अशक्त, अमोनियापण अशक्त. दोघांच्या ताकदीचा आकडा पावणेपाच. फरक काढायचा, अर्धा करायचा, सातात मिळवायचा. फरकच नाही, मग किती?" मी म्हटलं, सात. "सात म्हणजे साध्या पाण्यासारखं. कागद हिरवा होतो."

तो पेला मी फळीवर झाकून ठेवला होता. कागद बुडवला. हिरवा! लता उड्या मारायला लागली.

मी म्हटलं, अग, मी नळाचं पाणी घातलंय ना त्यात? पाण्यानंच हिरवा झाला असेल तर?

लतानं कागद परत बघितला. मग म्हणाली, "अय्यो. हो की."

१२ जून

दोघींनी करूनच बघितलं. आधी ह्यांनी मिसळलेलं उप्पू पेलाभर घेतलं. कागद हिरवा. पाणी घातलं, हिरवा. बादलीत ओतून आणखी पाणी, तरी हिरवाच. लता म्हणाली, "सूत्रात पाणी किती ते येतच नाही, वैनी!" मग नुसतं ॲसेटिक. लाल. पाणी घातलं, केशरी. घालत गेलो, पिवळट झाला, पण हिरवा काही होईना.

म्हणजे पेल्यात अर्धा पेला ॲसेटिक उरलं असतं तर माझ्या नळाच्या पाण्यानं कागद हिरवा झालाच नसता. मी खाली बसले अन् रडले. हे म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." परवा म्हणे लक्षात नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना आलं मनात. पेल्यात उरलं होतं किती? चिन्नूनं सगळं संपवलं असेल, तळाला थेंबभरच असेल तर? लताला विचारलं. म्हणाली, थेंबभरच असेल तर कागदावरनं सांगता येत नाही.

कशाला विचारलं.

१४ जून

काल बरा होता. दिवसभर मांजरामागे.

आज मऊ भात कालवला, तूप घालून. पहिला घास गिळला. दुसऱ्याला मान फिरवली अन् गळ्याला हात लावला. सासू म्हणते, "दाढा येतायत ग, सुम्ने उगाच घाबरतेस. तू असं तोंड करून बसलीस तर पोरगं काय जेवणार?" असेल. ह्याच्या वयाला ह्यांनी पण असंच केलं होतं म्हणे.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, गिळायला त्रास झाला तर मोठ्या दवाखान्यात नळी घालून बघावं लागेल. एवढ्याशा घशात नळी.

हे म्हणाले, उद्या जाऊ. मी म्हटलं, आत्ता. स्कूटर काढायला गेलेत.

चिन्नू मांडीवर आहे, पेन ओढतोय. आता थुंकी गिळली. तोंड वाकडं केलं का? नाही वाटतं. परत गिळतोय, बघते