खुंटीला कसली कावीळ?

प्रिय मंदे,

आज शहापूरच्या दवाखान्यात माझं रक्त काढलं. मला पाचवा महिना आहे. आटगावला घरी आले ती कागद घेऊनच बसले. सांगू कुणाला? तूच आठवलीस.

लाल गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी जेवण विचारलं, जंत विचारले. मग म्हणाल्या, "घरात कुणाचे सांधे दुखायचे? डोळे पिवळे व्हायचे?" माझ्या तोंडून निघालं, "माझ्या धाकट्या बहिणीचे!"

तुझे डोळे पिवळे दिसले आणि आपण सगळ्यांनी कावीळ म्हटलं. वैदूची ओल्या काड्यांची माळ तुझ्या डोक्यावर मीच ठेवली गं; ती लांबत खाली आली की कावीळ उतरते म्हणे. ती गळ्यात उतरली, बेंबीला लागली. मी रोज वितीने मोजायचे. तू म्हणायचीस, "ताय, माळ लांबते, पन मना दम लागतो." मी तुलाच दटावलं. किती नाटकं करतेस म्हणाले!

माळ गुडघ्याला लागली तेव्हा आई नाचायची बाकी होती. "उतरली बघ गो कावीळ!" म्हणत तिने आपल्या वैशाखरे गावात घरोघर गूळ वाटला. तिसऱ्या दिवशी तुझ्या छातीत कळ आली आणि मुरबाडच्या वाटेवर जीपमध्येच तू गेलीस.

वैदूने दिलेली दुसरी माळ खुंटीलाच राहिली होती. तुझ्या दहाव्याला पाहिली, तीही हातभर लांबली होती. ओल्या काड्या सुकल्या, गाठी सैल झाल्या, एवढंच! खुंटीला कसली कावीळ? हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

बाई म्हणतात, तुला सिकलसेल असावा. रक्तातला आजार. तो माझ्यात लपलेला असू शकतो. नवऱ्यातही निघाला, तर बाळाला दोघांकडून मिळून तुझ्यासारखंच होऊ शकतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "मी धडधाकट हाय. मना नाय टोचून घ्यायचा." तू तरी कुठे आजारी वाटायचीस जत्रेत?

आत्ता पाणी प्यायला उठले. माझा चेहरा पांढरा पडलाय म्हणून सासूबाईंनी वैदूकडून काहीतरी आणलंय. खुंटीला ओली माळ टांगलीय, मंदे.

ती मी चुलीत घालते. शुक्रवारी माझा रिपोर्ट आहे. यांना हाताला धरून नेईन, रक्त द्यायला लावीन. आणि माझं लेकरू दम लागतो म्हणालं, तर मी वितीने माळ मोजत बसणार नाही. त्याचं ऐकेन.

तेव्हा तुझं न ऐकणारी,
ताय